हासनोट घराण्यातल्या बायकांचे पाय

मी, आल्त्ये हासनोट, लेन्डर्ट दे मोल यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा जाळी सांधण्याचा, राहणार काटवाइक, समुद्राकडची बाजू, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पायांबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, की गोड बोलून सहीला बसवलेले नाही. लेन्डर्ट हयात असताना आम्ही दोघांनी मिळून केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात आम्ही आमचे सगळे काही एकमेकांना आणि आमच्या मागे आमच्या मुलीला ठेवले होते. मुलगी आमच्या आधी गेली, मग लेन्डर्ट गेला, आणि तो कागद कपाटात तसाच पडून राहिला.

हा मजकूर माझा आहे. नोटरी श्रीमती फान एख्मोंड यांनी कायद्याचे शब्द जिथे हवेत तिथे बसवून दिले. "आल्त्येबाई, एवढं सगळं लिहायलाच हवं का?" असे त्यांनी विचारले. हवे.

कलम १. देह

मला लेन्डर्ट आणि कोबा यांच्याच कबरीत ठेवावे. वरची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. कबरीची मुदत संपत आली की नगरपालिकेचे पत्र येईल. ते जाहिरातींच्या कागदांबरोबर फेकू नये, मुदत वाढवून घ्यावी. नाहीतर ते लोक दगड उचलून नेतात आणि जागा दुसऱ्याला देतात. कोबा ही आमची मुलगी. ती बावीस वर्षांची होऊन गेली. तो दगड गेला तर ती होती हे सांगणारे गावात काही उरणार नाही.

प्रवचन लांबवू नये. नंतर कॉफी द्यावी आणि तिच्याबरोबर केक. एकेक तुकडा देऊन डब्याचे झाकण लावायची आपली रीत आहे ती त्या दिवशी बाजूला ठेवावी, डबा उघडा ठेवावा. कोणी रडले नाही तरी चालेल. मीही कोबाच्या वेळी रडले नव्हते. लोकांना ते दिसले, त्यांनी त्याचे हवे ते अर्थ काढले. मला काही वाटतच नव्हते, एवढेच. दात काढताना सुई देतात आणि अर्धा गाल आपला राहत नाही, तसे काहीतरी झाले आणि नंतर उतरलेच नाही. मी जेवते, खिडक्या पुसते, वाढदिवसांना जाऊन गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसते, सगळ्यांना शुभेच्छा देते. कोणाच्या लक्षातही येत नाही.

कलम २. घर

राहते घर, मागची शेड आणि अंगणासकट, माझा भाचा आरेन्ड हासनोट याला मिळावे. तो माझा धाकटा भाऊ एंगेल याचा मुलगा. एंगेलही आता नाही. आरेन्डचे मासे धुरावण्याचे दुकान आहे, चर्चच्या पंचांत तो बसतो, आणि त्याला तीन मुली आहेत: नेला, एस्टर आणि युडित. दर शनिवारी तिघी माझ्याकडे येतात.

आरेन्ड वाईट माणूस नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याच्याबद्दल जे येणार आहे ते वाचून कोणाचा तसा समज होईल. बर्फ पडला की तो आधी माझ्या दारातला काढतो, मग स्वतःच्या. रविवारी, म्हणजे देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, दोरीवर माझा एक टॉवेल राहिला तर मात्र येऊन सांगतो, "आत्या, लोक बघतात." घर त्याचे झाले की दोरीचे काय करायचे ते त्याने ठरवावे.

कलम ३. जाळ्यांचे सामान

शेडमधल्या लाकडी सुया, सुतळीचे गुंडे, मापाच्या पट्ट्या आणि माझे ॲप्रन युडितला द्यावे. ती धाकटी आहे आणि हात तिचाच आहे. एकदा शिकवलेली गाठ तिला परत दाखवावी लागत नाही. आता बोटी कमी, जाळी परदेशातून तयार येतात, या सुयांवर तिचे पोट चालणार नाही. फळीवर मांडून ठेवल्या तरी हरकत नाही.

माझी आई पीटरनेला, माहेरचीही हासनोटच, हिने या सुयांवर आयुष्य काढले. जाळे खुंटीला टांगायचे आणि दिवसभर त्याच्यासमोर उभे राहायचे. तिचा डावा पाय उजव्याच्या दीडपट होता. माझ्या मावशीचाही तसाच. गावात विचारले तर उत्तर ठरलेले असे: उभे राहून राहून झाले. बसून काम करणाऱ्या माझ्या थोरल्या आत्याचाही पाय तसाच होता, तेव्हा तिला म्हणत, बसून बसून झाले.

कलम ४. सोन्याच्या टाचण्या

आईच्या टोपीच्या सोन्याच्या टाचण्या आणि तिची रविवारची काळी शाल एस्टरला द्यावी. एस्टरला नटायची हौस आहे आणि घरात ती पुरवली जात नाही.

आईने मरेपर्यंत जुना पोशाख सोडला नाही. काळा घागरा जमिनीला टेकेल एवढा, आत आणखी दोन, आणि त्याखाली जाड काळे मोजे. तिचे उघडे पाय मी पहिल्यांदा पाहिले ते तिला शेवटची अंघोळ घालताना. घोट्याच्या वर कातडी तपकिरी आणि टणक झाली होती, आणि एक जखम होती जी कित्येक वर्षे भरली नसावी. प्रत्येक बाळंतपणानंतर तिचा पाय पांढरा पडून फुगायचा आणि ती आठवडेच्या आठवडे खाटेवर असायची, हे मला त्या दिवशी मावशीने सांगितले. माझे लग्न होऊन वर्षे झाली होती तरी. लग्न न झालेल्या मुलीपुढे तर हा विषय काढणे म्हणजे अंगावरचे कपडे काढण्यासारखेच. आमच्या घरातल्या बायकांना पाय नव्हते, घागरे होते.

याबद्दल मला कोणाचा राग येत नाही. राग येण्याइतके आत काही हलत नाही. पण लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे यातून झाले.

कलम ५. सायकल

कोबाची हिरवी सायकल, शेडच्या डाव्या भिंतीला टेकवलेली, वाउटर दे विंक याला द्यावी. बेकरीतला वाउटर. कोबाचे त्याच्याशी ठरले होते. त्याने नंतर लग्न केले, त्याची मुले आता मोठी आहेत, बायको चांगली आहे, तिलाही माहीत आहे. तो दर वसंतात येतो, काही न बोलता शेडमध्ये जातो, सायकलीला वंगण घालतो, हवा भरतो, आणि माझ्याकडे एक कप कॉफी घेऊन जातो. "काकू, चेन सैल झालीय," असे म्हणतो. ज्या सायकलीवर कोणी बसत नाही तिची चेन कशी सैल होते ते मी त्याला विचारलेले नाही.

या सायकलवरून कोबा बुधवारी लायडनला जायची. शिवणाचा वर्ग आहे म्हणायची. वर्ग होताही, पण तो संपल्यावर ती एका दवाखान्यात जायची. लग्नाला अजून वर्ष होते आणि दोघेही तरुण होते. तिने संततिनियमनाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या.

त्या आमच्या गावात मिळत नव्हत्या असे नाही. आमचे जुने डॉक्टर तेर हार पंचांना घाबरणारे नव्हते. पण त्यांच्या काउंटरवर बसायची यान्ये बाई. खिडकीच्या काचेतून ती सगळ्यांसमोर विचारायची, "कशासाठी आलीस गं?" आणि तिचा नवरा चर्चचा पंच. त्यामुळे गावातली प्रत्येक मुलगी त्या एका गोष्टीसाठी लायडनला जायची. तेर हार डॉक्टरांनी आईचा पाय बांधला होता, मावशीचा बांधला होता, आत्याच्या तर मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचीच सही होती. कोबा त्यांच्यासमोर बसली असती तर त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिले असते आणि म्हटले असते, हासनोटांची ना तू, मग हे नको. लायडनच्या दवाखान्यात बसल्या होत्या त्या डॉक्टरीण बाईंनी जे विचारायचे ते नीट विचारले. ते मला नंतर वाचून दाखवण्यात आले. घरात कोणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी? कोबाने सांगितले, नाही. ती खोटे बोलली नव्हती. तिने फक्त घागरे पाहिले होते.

तिची पोटरी दुखू लागली तेव्हा ती म्हणाली, "आई, वारा समोरून होता ना, सायकल मारून मारून दुखतेय." मी तिला कापूर घातलेला मलम दिला. रविवारी दुपारच्या प्रवचनाला आम्ही चौघे एका बाकावर होतो, वाउटरही होता. प्रवचनाच्या दुसऱ्या भागाला लेन्डर्टने नेहमीसारखे पेपरमिंटचे पाकीट पुढे केले, सगळ्यांनी एकेक घेतले. स्तोत्राला उभे राहिलो तेव्हा कोबा म्हणाली, "आई, मला श्वास पुरत नाही." आणि बसली. आम्हांला वाटले, बसली. शवागारात मी तिचा चेहरा पुसला तेव्हा ते पेपरमिंट तिच्या गालात होते.

वाउटरला सायकल देताना सोबत काही बोलू नये.

कलम ६. खुर्ची

पुढच्या खोलीतली, हिरव्या मखमलीची, लाकडी हातांची खुर्ची येरून स्खान याच्या मुलाला द्यावी. येरून स्खान म्हणजे यान्ये बाईचा नवरा, तो पंच. कोबाच्या पर्समध्ये गोळ्यांचे पाकीट सापडले हे गावाला दोन दिवसांत कळले. तिसऱ्या दिवशी काळा सूट घालून तो सांत्वनाला आला आणि या खुर्चीत बसला. कॉफी घेतली, बिस्किट घेतले. मग म्हणाला, "आल्त्ये, देव कधी कधी आधी बोट दाखवतो आणि मग हात ठेवतो. तुमच्या मुलीवर हात ठेवला. याच्यामागे काय होतं ते आता तुम्हांलाही माहीत आहे."

माझा लेन्डर्ट कमी बोलणारा. बोटीवर आठवडा आठवडा न बोलता राहिलेला माणूस. तो म्हणाला, "येरून, कॉफी संपव आणि नीघ."

"मी पंच म्हणून आलोय."

"म्हणूनच संपव म्हटलं. नाहीतर ओतून टाकली असती."

त्यानंतर मी त्या खुर्चीत कोणाला बसू दिले नाही, त्यामुळे ती जवळजवळ नवी आहे. मुलाने काही केलेले नाही, तो बिचारा भला आहे. पण येरून गेला आणि खुर्ची कोणाला तरी द्यायलाच हवी.

येरून त्याच्या पुढच्या वर्षीही चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसायचा. मी त्याच्या मानेकडे पाहत बसायचे. तिरस्कार वाटावा असे मला फार वाटे. नाही वाटला. लेन्डर्टला मात्र वाटत असे, आणि तो दोघांच्या वाट्याचा करीत असे. त्यातच तो लवकर गेला.

कलम ७. रक्त

कोबा गेल्यानंतर काही वर्षांनी मी बर्फावरून घसरले. पाय मोडला, प्लास्टर घातले, आणि प्लास्टर काढले तेव्हा तो माझ्या आईचा पाय होता. यावेळी मला लायडनला नेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी घराण्याबद्दल विचारले आणि मी सगळे सांगितले: आई, मावशी, आत्या, कोबा. घागरे घालणारी मी पहिली नव्हते, पण उचलणारी पहिली होते. त्यांनी लिहिणे थांबवले आणि एक नळी रक्त जास्त घेतले.

त्यांनी मला समजावले ते असे. माणसाला कापले की रक्त गोठते, आणि पुरे झाले की अंगातच एक व्यवस्था असते जी त्याला थांब म्हणते. आमच्या घराण्यात ते थांब म्हणणे रक्ताला नीट ऐकू जात नाही. जन्मापासून तसे असते. आईबापांपैकी एकाकडून मुलाला येते किंवा येत नाही, निम्मी निम्मी शक्यता. असलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण बाळंतपण, प्लास्टर, मोठे ऑपरेशन, लांबचे अंथरूण, यांत धोका वाढतो, आणि त्या गोळीने तर नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. गोळी एकटी फारशी वाईट नाही. रक्तातली खोड एकटी फारशी वाईट नाही. दोघी एकत्र आल्या की बघायला नको.

या खोडीला लायडनचे नाव दिले आहे, कारण तिथल्याच लोकांनी ती शोधली, कोबा गेली त्यानंतर काही वर्षांनी. मासे आम्ही पकडायचे आणि नाव शहराचे व्हायचे, हे आम्हांला नवीन नाही.

तेव्हा कोबाच्या मागे काय होते ते हे होते. देवाचा हात नव्हता. मी तिला दिले होते ते होते, आणि मला आईने. यात कोणाची चूक शोधू नये, मी शोधून पाहिली आहे.

एंगेललाही ती होती. त्याचा हर्नियाच्या ऑपरेशननंतर श्वास अडकला आणि मग तपासणीत निघाली. म्हणजे आरेन्डला असेल किंवा नसेल. त्याने पाहिलेले नाही. आरेन्डला असेल तर त्याच्या मुलींनाही असेल किंवा नसेल.

गावात आता ज्या डॉक्टरीण बाई आहेत त्यांना माझ्या तपासणीची सगळी कागदपत्रे द्यावीत. हासनोट नावाची कोणीही त्यांच्यापुढे येऊन बसली तर त्यांनी ती उघडावीत. काउंटरवर आता यान्ये बाई नाही, एक पोरगा असतो आणि तो कॉम्प्युटरमधून मान वर काढत नाही.

कलम ८. दिलेला शब्द

धाकट्या दोन मुली लहान होत्या आणि नेला चौदाची झाली, तेव्हा मी आरेन्डला दुकानामागे गाठले. तो भट्टीतून बांगडे काढत होता. मी म्हटले, मुलींचे रक्त तपासून घे, एक नळी लागते.

"कशाला?"

"कोबाला कशाने झालं ते तुला माहीत आहे. तुझ्या बापालाही होतं."

"आत्या, कोबाताईला झालं ते गोळीने. माझ्या मुली ती गोळी घेणार नाहीत. मग तपासायचं काय?"

"आणि घेतली तर?"

त्याने सळई खाली ठेवली. "हेच. मी तपासायला नेलं म्हणजे मीच म्हटल्यासारखं झालं की घ्या, बाप बघून ठेवतोय. घराला आग लागणार नाही असं म्हणायचं आणि दारात पाण्याच्या बादल्या भरून ठेवायच्या?"

"बादल्या सगळेच ठेवतात, आरेन्ड. तुझ्या भट्टीशेजारी दोन आहेत."

त्याने बादल्यांकडे पाहिले. मग तो म्हणाला की मुलींच्या कानावर यातले काही गेले तर शनिवारचे येणे बंद. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते. तो म्हणाला, "मला शब्द दे, आत्या. तुझ्या तोंडून त्यांना यातलं काही कळणार नाही." त्याचे डोळे भरले होते. कोबाने त्याला कडेवर खेळवले होते, आणि ती वाया गेलेली मुलगी नव्हती असे मानले तर मग तिच्यावर हात कोणी ठेवला, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. तो त्याला पेलत नाही.

मी शब्द दिला. आमच्याकडे शपथ घेत नाहीत, हो म्हणजे हो. त्या मुली येतात तो शनिवार सोडला तर माझ्या आठवड्यात काही नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट होते आहे. शनिवारी कॉफीच्या वेळेला नेलाचा फोन एकदा गुणगुणतो. ती तो बंद करते, पर्स घेऊन स्वयंपाकघरात जाते, नळ सुटतो, बंद होतो, ती येऊन बसते. बहिणी बिस्किटांवरून भांडत असतात, त्यांच्या लक्षात येत नाही. बुधवारी ती सायकलने लायडनला जाते. पोहायला, असे घरी सांगते. केस कोरडे असतात.

मी तिला विचारलेले नाही. विचारले तर पुढचे सांगावे लागेल, आणि मी शब्द दिलेला आहे.

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी घर आरेन्डला देताना अट घातली होती: मुलींची तपासणी करून घेतली तरच घर. नोटरी बाईंनी ती काढायला लावली. "दुसऱ्याच्या अंगातलं रक्त काढायची अट घालता येत नाही. आणि घातली तरी," त्या म्हणाल्या, "ती तुम्ही गेल्यावर लागू होईल. तुमची तब्येत तर ठीक दिसतेय." खरे आहे. आठवड्याला समीरा येते, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांसाठी बोट टोचून थेंब नेते. मागच्याच वेळी विचारत होती, "आजी, आज बोट कुठलं?" मी म्हटले, "जे उरलंय ते." ती म्हणाली, "असं टोचत टोचत तुम्ही शंभरी गाठणार." मी शंभरी गाठेपर्यंत नेलाला थांबता येणार नाही.

कलम ९. बाकीचे

बँकेत जे असेल ते किनाऱ्यावरच्या बचाव-नौकेला द्यावे. लेन्डर्टला त्यांनी एकदा परत आणले होते. संडासाच्या भिंतीवर सगळ्यांकडे असते तसे वाढदिवसांचे कॅलेंडर आहे ते फेकू नये, आरेन्डच्या बायकोला द्यावे. तिला कोणाचाच वाढदिवस लक्षात राहत नाही. कोबाचा त्यात आहे, तो खोडू नये.

कलम १०. नेला

माझ्या भाच्याची थोरली मुलगी पीटरनेला, जिला आम्ही नेला म्हणतो आणि जिला माझ्या आईचे नाव दिलेले आहे, हिला मी काहीही ठेवत नाही. बशीसुद्धा नाही. ती मला नकोशी आहे म्हणून नव्हे. तिघींत ती मला सगळ्यांत जवळची आहे. हसताना ती आधी तोंडावर हात ठेवते, कोबासारखा.

कारण असे. मागच्या महिन्यात ती अठरा वर्षांची झाली. दुसऱ्या दिवशी मी नोटरी बाईंकडे गेले.

"साक्षीला कोण बसू शकतं?"

"सज्ञान कोणीही. अगदी जवळच्या रक्ताचं नको. भाचा नाही चालणार."

"भाच्याची मुलगी?"

त्यांनी बोटांवर नाते मोजले. "ती चालेल. पण तिला यात काही ठेवलेलं असता कामा नये. घेणाऱ्याला साक्षीला बसता येत नाही."

"आणि साक्षीदारांना मजकूर कळतो?"

"तुमची इच्छा असेल तर सह्यांआधी सगळा मोठ्याने वाचते. पहिल्या शब्दापासून."

"तुम्ही वाचता. मी नाही."

"मी वाचते," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वही उघडली आणि गुरुवारची सकाळ मोकळी करून दिली.

मी आरेन्डला दिलेला शब्द माझ्या तोंडाबद्दल होता. तो मी पाळला आहे आणि आजही पाळणार आहे. वाचन चालू असताना मी एक अक्षर बोलणार नाही. आरेन्डला हे कळेल तेव्हा तो रागावेल, कदाचित शनिवार बंद होतील. होऊ देत.

मला आज सकाळी उठल्यावर भीती वाटली. छातीत, खरीखुरी. इतक्या वर्षांनी काही वाटले म्हणून ते इथे घालते.

येणेप्रमाणे माझी इच्छा आहे. यात कोणी कानामात्रा बदलू नये. जे देता येण्यासारखे होते ते दिले, आणि जे रक्तातून आधीच दिले गेले आहे त्याची माहिती वर दिली आहे.

नोटरीची नोंद

वरील मजकूर मी मृत्युपत्रकर्ती आणि दोन्ही साक्षीदारांसमोर संपूर्ण वाचला. कलम पाचच्या शेवटी साक्षीदार क्रमांक दोन यांना पाणी देण्यात आले. कलम सातनंतर त्यांनी विचारले, "म्हणजे माझ्यातही असू शकतं?" प्रश्न मृत्युपत्रकर्तीला होता. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे पाहिले. उत्तर मी दिले: असू शकते, नसूही शकते, रक्त पाहिल्याशिवाय कळत नाही. साक्षीदार क्रमांक एक, ज्यांचे कामच ते आहे, यांनी त्यास दुजोरा दिला. वाचन पुढे पूर्ण केले. मृत्युपत्रकर्ती शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत.

मृत्युपत्रकर्ती: आल्त्ये हासनोट (सही)

साक्षीदार १: समीरा बूझियान, रक्त-तपासणी सेविका, राहणार लायडन (सही)

साक्षीदार २: पीटरनेला हासनोट, विद्यार्थिनी, राहणार काटवाइक (सही)

स्थळ: काटवाइक. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३.

सह्यांनंतरची नोंद: साक्षीदार क्रमांक दोन यांनी पर्समधून गोळ्यांचे एक अर्धे वापरलेले पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवले. तसे करण्यास त्यांना कोणी सांगितले नव्हते. गावातल्या डॉक्टरीण बाई आज किती वाजेपर्यंत बसतात असे त्यांनी विचारले. मी फोन करून विचारले, बारापर्यंत. मृत्युपत्रकर्ती आणि साक्षीदार क्रमांक दोन एकमेकींचा हात धरून निघाल्या. सदर पाकीट या दस्तऐवजाचा भाग नाही.

नोटरी: आ. फान एख्मोंड (सही व शिक्का)